चौकटीत एकच चेहरा

भूमच्या एसटी स्टँडसमोर रुद्रेशचं ऑनलाइन सेंटर आहे. संगणकात नवी सिस्टीम टाकल्यापासून कधी नेट जायचं, कधी कॅमेरा. आज दोन्ही चालू झाले, म्हणून बब्रुवान अण्णा पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला बसले.

पडद्यावर आलं : ‘दोन चेहरे दिसत आहेत. चौकटीत एकच ठेवा.’

रुद्रेशनं मागचं भवानीचं कॅलेंडर काढलं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. तरी दोनच. शेवटी वैतागून नेटची वायरच उपटली.

“अण्णा, तुमच्या मागं तर कुणीच न्हाय!”

अण्णांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “दैवशाला, सरक बाजूला! बायको जिती व्हती तवाबी दर फोटोत मधी यायची.”

वायर रुद्रेशच्या हातातच होती. पडद्यावर हिरवी खूण आली : ‘दैवशाला बब्रुवान. हयात.’

अण्णा हळूच म्हणाले, “अन् मग मी?”