मयतीनंतरची पेज

आम्हा सहा दोस्तांच्या सिनेमात मेलेल्याचं काम मला मिळालं, कारण उसन्या शवपेटीत मी एकटाच मावत होतो. त्या दिवशी मी सतरा वेळा मेलो, आणि आमच्या इलोइलो शहरातली कुत्रीसुद्धा रडली. शूटिंग आटोपताच सगळे पेज खायला निघाले. मयतीहून, मग ती सिनेमातली का असेना, आमच्याकडे थेट घरी जात नाहीत. मेलेला मागोमाग येतो, त्याला वाटेत कुठेतरी चुकवावं लागतं.

मीही घाईघाईने पेटीतून उतरलो.

“तू कुठे निघालास बेर्तिंग? तुलाच तर चुकवायचंय!” दिग्दर्शक नेस्तोर म्हणाला. सगळे खदाखदा हसले, आणि खरंच गेले.

रिकाम्या घरात पोचल्यावर मी नेस्तोरला फोन लावला.

“तो पेटीतला शॉट उद्या पुन्हा घ्यावा लागेल, लेका. मी श्वास घेत होतो.”