चोवीस तास हजर

वारज्यातल्या ‘सायंतारा’ वृद्धसेवा केंद्राला तपासणीत दहापैकी दहा गुण मिळाले. पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

सकाळी वॉर्डबॉय तेजसने सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची चिघळलेली जखम पुसली आणि बेसिनला वळसा घालून निघाला.

“तेजस, हात,” वेणूबाई म्हणाल्या.

“ग्लोव्हज आहेत ना, मॅडम.”

“हेच ग्लोव्हज चार नंबरला होते. चारला ताप आला, मग पाचला, मग सहाला. आता सातच्या पाठीवरची जखम उघडी आहे. तिथे गेलं तर म्हातारी आठवडा काढायची नाही.”

तेजस हसला. एकट्याकडे बावीस खाटा. हसण्यापुरताच वेळ होता.

वेणूबाई सरकारी दवाखान्यातल्या जुन्या मेट्रन. इथल्या भिंतीवर ‘संसर्ग प्रतिबंधक अधिकारी’ म्हणून त्यांचंच नाव. आज किती वेळा हात धुतले गेले नाहीत, हे त्या रोज वहीत लिहीत. वही व्यवस्थापक केदारकडे जाई आणि खाली ‘पाहिले’ असा शेरा घेऊन परत येई.

“अहो केदार, या कामाला कुणीतरी तरणं माणूस नेमा.”

“कशाला? तुम्ही आहात की. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन अजून चालू, सुट्टी नाही, चोवीस तास हजर. असं माणूस पुण्यात शोधून सापडेल का?”

वेणूबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

दुपारी तपासनीस आले. दारातच थांबले, आत यायचं तर बूट काढावे लागले असते.

“संसर्गाचं कोण बघतं?”

“या आमच्या वेणूबाई,” केदार म्हणाला. अर्ध्या पडद्यावरून पांढरे केस आणि पदराला लावलेला बिल्ला दिसला.

“बसा बसा, उठू नका,” तपासनीस अदबीने म्हणाले.

“साहेब, इथे कुणी हात धूत नाही.”

“लेखी द्या. केदारसाहेबांमार्फत.” त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि चहाला गेले.

तेजस ट्रे घेऊन येताना दिसला. ग्लोव्हज सकाळचेच. वेणूबाईंनी वहीचं पान टरकावलं आणि दात-ओठ खात, पण वळणदार अक्षरात लिहिलं:

“महोदय, संसर्ग प्रतिबंधक अधिकारी या पदावर बेसिनपर्यंत चालत जाऊ शकेल अशी व्यक्ती तातडीने नेमावी. तोवर तेजस यांनी हात धुतल्याशिवाय खाट क्रमांक सातच्या, म्हणजे अर्जदाराच्या, पाठीला स्पर्श करू नये, ही नम्र विनंती.”