मेलेल्या माशांचं कारण

"मासे वादळानं मेले, एवढंच तर लिहायचंय," भिकमचंद लेकीला म्हणाले.

जैनांच्या क्षमापनेच्या दिवसाचा, संवत्सरीचा निर्जळी उपवास होता. सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेल्या या माणसानं साहेबांचा फोन मात्र दरवेळी धावत जाऊन उचलला होता. साहेब तेल कंपनीचे, आणि बोदवडच्या रस्त्यावरचा भिकमचंदांचा पेट्रोल पंपही त्याच कंपनीचा. समुद्रात कंपनीची पाइपलाइन फुटली, किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला, आणि ते कशानं मेले हे ठरवण्याचं काम नेमकं मत्स्यसंशोधन संस्थेत शास्त्रज्ञ असलेल्या त्यांच्या प्रियलकडे आलं.

मासे चिरायची नोकरी करते म्हणून आजी, प्रेमकुंवर, तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. जिवाला जपणारं घर ना! मुंगी चिरडली तरी दिवसभर हळहळणारं. त्याच घरात आज एवढे जीव वादळाच्या नावावर खपवायचं चाललं होतं आणि आजी मुकाट्यानं माळ ओढत होती. प्रियलला तिचाच जास्त राग आला.

"पप्पा, कल्ले तेलानं काळे पडले होते. पिल्लं अंड्यातच मेलीत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मेलेले काही परत येणार आहेत का? पंप गेला तर जिनेशनं काय करायचं?"

धाकट्या जिनेशनं नुकताच पंप हाती घेतला होता. तो दारात उभा राहून ताईकडे पाहत होता. प्रियल लॅपटॉप घेऊन माडीवर गेली. मृत्यूचं कारण म्हणून तिनं तेलच लिहिलं, आणि अहवाल पाठवून दिला.

खाली येऊन तिनं पाठवल्याचं सांगितलं. भिकमचंदांनी सुटकेचा श्वास सोडला. काय लिहिलंस, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पोर आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, याची त्यांना खात्रीच होती.

संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमण झालं. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागत, आवारात सगळे एकमेकांपुढे हात जोडू लागले. प्रियल गर्दीतून वाट काढत वडिलांपुढे आली.

"मिच्छामि दुक्कडम्, पप्पा." तिनं हात जोडले.

भिकमचंदांचा चेहरा उजळला. "सगळं माफ, बेटा," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कशाबद्दल, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही.