क्लेटनचं धनुष्य

हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता. मक्याच्या शेताकडेला, निशाण म्हणून ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यासमोर आर्लन आपल्या भावाचं, क्लेटनचं धनुष्य घेऊन उभा राहिला. क्लेटनची बायको जोलीन कुंपणाला टेकून बघत होती.

गेल्या वर्षी मचाण बांधताना फांदी मोडली आणि क्लेटन खोल घळीवर लोंबकळला. आर्लनने एका हाताने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, खांदा निखळेपर्यंत. तरी क्लेटन वाचला नाही. तोच खांदा जोलीनने उन्हाळाभर शेकला, वळवला, चोळला. "यंदा त्याच्या मचाणावर कुणीतरी बसायला हवं," एवढंच तिचं म्हणणं. आणि शेकता शेकता ती हटकून विचारायची, "शेवटी काही बोलला का रे तो?"

"बोलायला वेळच कुठे होता," आर्लन दर वेळी सांगायचा.

आज दोरी गालापर्यंत सहज आली. खांदा कुरकुरलासुद्धा नाही.

"जुलैत म्हाताऱ्यासारखा कण्हत होतास," जोलीन हसली.

पण आर्लनची बोटं उघडेनात. दोरी ताणलेलीच राहिली, दंड थरथरू लागला.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?" ती जवळ आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "किती वेळ धरून ठेवशील? सोड आता."

आर्लनने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"तो हेच म्हणाला, हे तुला कुणी सांगितलं?"