शेजारणीचा हवाला

"नातेवाइकांचा हवाला आम्ही धरत नाही," मुलीचे वडील कप खाली ठेवत म्हणाले. "ते चांगलंच बोलणार. शेजारी काय म्हणतात ते ऐकूनच मुलगी द्यायची की नाही ठरवतो." आणि उठून ते थेट समोरच्या दारात गेले.

समोरच्या सिंधूवहिनींशी मुलाच्या आईचा, प्रमिलाबाईंचा, कित्येक वर्षं अबोला होता. वाळत घातलेल्या पापडांवर धुण्याचं पाणी गळलं, एवढ्यावरून दोघी नको नको ते बोलल्या होत्या. आता वहिनी सगळं उट्टं काढणार. लेकाचं जमत आलेलं लग्न मोडणार. हातातला ट्रे गच्च धरून त्या दाराआड उभ्या राहिल्या.

"माणसं कशी आहेत हो?" पाहुण्यांनी विचारलं.

"माझं त्यांच्याशी बोलणं नाही," वहिनी म्हणाल्या.

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले.

"पण गावाला जाताना घराची किल्ली मी त्यांच्याच दाराच्या खिळ्याला अडकवून जाते. परत येते तेव्हा माझं मांजर उपाशी नसतं."

पाहुणे गोंधळले. "मग बोलत का नाही?"

"ते आमचं आम्ही बघू. तुम्ही मुलगी द्या."