विमान की गाडी?

डोंबिवलीतल्या त्यांच्या घरावरून विमान गेलं, की उत्तराताई हातातली भाजी खाली ठेवून नवऱ्याला विचारायच्या, "अहो, खरं सांगा. माणसांचे जीव जास्त कशात जातात? विमानात की रस्त्यावर?"

दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर विमान अपघाताची बातमी बघून त्यांनी धसकाच घेतला होता. मुलगा साकेत बंगळुरूहून यायचा होता. त्यांनी त्याला फोनवर शपथ घातली, "विमानाने येऊ नकोस. गाडी घेऊन ये." तो गाडी घेऊन निघाला, आणि साताऱ्याच्या अलीकडे त्याच्या गाडीवर ट्रक आला.

श्रीपादराव ठाण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दरवर्षी पहिल्याच तासाला ते हेच उदाहरण घ्यायचे आणि विमान रस्त्यापेक्षा कितीतरी पट सुरक्षित असतं, हे फळ्यावर मांडून दाखवायचे. पण बायकोला मात्र ते शांतपणे सांगायचे, "विमानात, उत्तरा. तू बरोबरच सांगितलं होतंस."

मग त्या पुन्हा भाजी निवडायला घ्यायच्या.

***

त्या दिवशी आईचा फोन ठेवल्यावर साकेतने लगेच बाबांना फोन केला होता, हे श्रीपादरावांनी उत्तराताईंना कधीच सांगितलं नाही. "बाबा, तुम्ही तरी तिला आकडे सांगा ना," तो हसत म्हणाला होता; आणि टीव्हीवरचा तो धूर त्यांच्याही डोळ्यांपुढून हलत नव्हता, म्हणून ते म्हणाले होते, "आकडे राहू देत रे. तू गाडीनेच ये."