नीट बसतेय

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर अण्णा उकिडवे बसले होते आणि त्यांची मुलगी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. कित्येक दिवस धड न जेवलेला, धड न बोललेला माणूस एका शिंपल्यापुढे असा रमलेला पाहून तिला हसावं की रडावं कळेना.

मुलगी कवळ्या बनवायची. अण्णांची कवळीही तिच्याच हातची. पण अण्णा आताशा मऊ कालवलेले दोन घास गिळून ताटावरून उठत. तिचा भाऊ म्हणत होता, मोठ्या डॉक्टरला दाखवू, पोटात काहीतरी असणार. तिचं निदान वेगळं होतं : हट्ट. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची तेच तिने बापालाही सांगून टाकलं होतं, "सवय होईल हो."

"हा निघतो का गं?" अण्णांनी तोंडापुढे हात धरून विचारलं. बाहुलीच्या टोपीएवढा शिंपला दगडाला गच्च चिकटला होता.

तिने पर्समधून मेण कोरायची सुरी काढली, शिंपल्यावर टकटक केली आणि कडेखाली टोक घातलं. शिंपला ढिम्म.

"आधी दार वाजवलंस. घेतली त्याने कडी लावून."

शेजारच्या शिंपल्याला तिने न सांगता-सवरता एकदम ढकललं. सुटला. आत गोगलगायीसारखा मऊ जीव, आणि खाली दगडावर त्याच्याच आकाराची उथळ खाच. खाचेपासून हिरव्या शेवाळात खरवडल्याचे पट्टे गेले होते.

"म्हणजे चरायला बाहेर, आणि मुक्कामाला परत इथंच?" अण्णा म्हणाले. "ठेव बाई त्याला जागेवर."

घाईत तिने तो बाजूलाच टेकवला. डुगडुगला. खाचेत ठेवला, तरी एकीकडे फट. मग दोन बोटांनी जरासा फिरवला, आणि कड न् कड टेकली. हे टेकणं तिच्या बोटांच्या ओळखीचं होतं. माप जमलं की कवळी अशीच बसते.

"यात झिजलं कोण गं? दगड की शिंपला?"

"जो मऊ असेल तो."

"आणि शिंपला होता तसाच राहिला, दगडच झिजत गेला, तर?"

"तर डुगडुगणार की," ती म्हणाली आणि तिने छत्री मिटली. "अण्णा, तोंड उघडा."

"इथं? चारचौघांत?"

"खेकडेच आहेत. आ करा."

तिने नुसती करंगळी लावली, कवळी अलगद हातात आली. दात काढल्यावर हिरड्या आटत जातात, काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला या, असं ती प्रत्येकाला बजावायची. बापाला 'या' म्हणायचं राहूनच गेलं होतं. तो तर घरातच होता.

"बोलला का नाहीत?"

"अख्ख्या गल्लीला आ करून दाखवली, लेकीनं केलीय म्हणून. आता सुटते, हे कुणाला सांगू?"

"मला!"

"तुला तर मुळीच नाही."

तिने कवळी रुमालात गुंडाळली. "उद्या नवं माप घेते," ती म्हणाली. अण्णांचं लक्ष कुठं होतं? तोंडापुढचा हात खाली आला होता आणि बोळक्यातून एकामागून एक प्रश्न सुटत होते. याला अंधारात वाट कशी सापडते? जागेवर दुसरा येऊन बसला तर भांडतो का? पोरं कुठं ठेवतो? ती त्यांच्याशेजारी ओल्या दगडावर बसली.

पाण्याचा पातळ पदर खडकावर चढला, दोघांची पावलं भिजवून शिंपल्यापर्यंत पोचला. शिंपल्याची कड केसभर वर उचलली गेली.

"हलू नकोस," अण्णा कुजबुजले. "निघाला बघ."